लोखंडाला कोणते कवच? : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपते. मग मिल, बॉयलर, पॅन, इव्हॅपोरेटर उघडून दुरुस्त्या चालतात. रंगकामाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि तोवर पाऊस सुरू झालेला असतो. हंगामभर ज्या लोखंडाने गंधक जाळून केलेला वायू, उसाच्या रसाची वाफ आणि मळीचे ओघळ सोसले, त्यावर वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत वायर ब्रश फिरवला जातो, रेड ऑक्साईडचा एक हात बसतो आणि वर सिंथेटिक इनॅमलचे दोन. पुढचा हंगाम संपेपर्यंत पोपडे सुटायला लागतात. मग चर्चा होते ती रंगाची कंपनी बदलण्याची. रंग कोणत्या जातीचा होता, खालचे लोखंड किती साफ होते आणि लावताना हवेत किती ओल होती, हे तीन प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतात. हे पुस्तक त्या तीन प्रश्नांभोवती उभे आहे.

नवख्या वाचकाने आधी एक समजूत बाजूला ठेवावी. रंगाचा थर पाणी अडवतो म्हणून गंज थांबतो, असे आपण सगळे धरून चालतो. केंब्रिजच्या जे. ई. ओ. मेन यांनी १९५० च्या सुमारास केलेल्या कामातून दिसले की साध्या रंगाच्या थरातून पाणी आणि प्राणवायू इतके सहज पार होतात की उघडे लोखंड गंजायला ते पुरावेत. थर खरा अडथळा करतो तो आयनांना. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोखंडाच्या एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत आयनांची ये-जा झाली नाही, तर तिचे मंडल पुरे होत नाही. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. रंगाखाली आधीच मीठ अडकले असेल, तर थरातून झिरपणारे पाणी त्या मिठाकडे ओढले जाते, फोड येतात आणि गंज आतल्या आत पसरतो. वरचा डबा किती महागाचा होता याने तेव्हा काहीच फरक पडत नाही.

अडथळा हा संरक्षणाचा पहिला मार्ग. दुसरा मार्ग रंगातल्या भुकटीचा. शेंदूर, झिंक क्रोमेट, झिंक फॉस्फेट यांसारखी रंगद्रव्ये लोखंडाच्या पृष्ठभागावर अशी स्थिती निर्माण करतात की गंजण्याची क्रिया मंदावते. तिसरा मार्ग त्यागाचा आहे. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते आणि ओरखडा पडला तरी उघड्या लोखंडाला वाचवते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्यावर हे तत्त्व वापरून दाखवले. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि आपल्या घरांवरचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा त्याच घराण्यातला. आज बाजारात जी शेकडो नावे दिसतात, ती या तीन मार्गांच्या वेगवेगळ्या जुळण्या आहेत. हे एकदा मनात बसले की विक्रेत्याच्या पत्रकाचे दडपण उरत नाही.

जुन्या काळातले औद्योगिक रंगकाम म्हणजे शेंदूर आणि जवसाचे तेल. तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होई, जुन्या गंजाच्या फटींत मुरे आणि शेंदूर गंजाला आवर घाली. स्कॉटलंडमधला १८९० साली खुला झालेला फोर्थ रेल्वे पूल अशाच शिसेयुक्त रंगांवर अनेक दशके जगला. त्याचे रंगकाम कधीच संपत नाही, अशी म्हणच इंग्रजीत पडली. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ पासून साधारण दर सात वर्षांनी रंगवला जातो आणि एका वेळेला सुमारे ६० टन रंग लागतो. शिशाचे दुष्परिणाम आज कुणी नाकारत नाही. तरीही त्या पिढीच्या रंगाकडे एक मोठा गुण होता, आणि पुढच्या पिढ्यांनी तो गमावला: अर्धवट साफ केलेल्या लोखंडालाही तो सांभाळून घेई.

१९२० च्या दशकात अल्किड आले. आपण ज्याला सिंथेटिक इनॅमल म्हणतो ते हेच. एका डब्यात मिळते, ब्रशने लागते, चकाकते, स्वस्त पडते. कोरड्या हवेत, छपराखाली, सोलापूर किंवा नगरकडच्या साध्या शेडच्या आत ते आजही योग्य आहे, आणि तिथे महागडा इपॉक्सी सुचवणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. मात्र हेच इनॅमल थेट जस्ताच्या पत्र्यावर लावले की जस्ताचे क्षारधर्मी पदार्थ त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतात आणि रंग सालीसारखा निघून येतो. कोकणात नव्या पत्र्यावर हौसेने मारलेला रंग दोन पावसाळ्यांत का सुटतो, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्षेत्राचा नकाशाच बदलला. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांच्या कामातून इपॉक्सी उभे राहिले. बेस आणि हार्डनर अशा दोन डब्यांत येणारा हा रंग वाळत नाही, तर रासायनिक क्रियेने घट्ट होतो. तो लोखंडाला घट्ट धरतो, क्षार-अल्कली सोसतो, जाड थर देतो. उन्हात मात्र त्याच्या पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते. ती उणीव भरून काढली पॉलियुरेथेनने. त्याची रसायनविद्या जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये घडवली होती. तिसरा भिडू जस्ताचा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टर नाइटिंगॉल यांनी जस्ताची भुकटी सिलिकेटमध्ये बांधणारा लेप तयार केला आणि १९४० च्या दशकात तो मॉर्गन ते व्हायला या जमिनीवरून जाणाऱ्या लांबलचक जलवाहिनीवर लावला गेला. तो अनेक दशके टिकला आणि झिंक सिलिकेटला जगभर मान मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९६५ नंतर शिसेयुक्त रंग काढून हाच प्रायमर चढवण्यात आला. खाली जस्त, मध्ये जाड इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन ही आजची सर्वमान्य तीन थरांची घडण अशी चार देशांतून जमली आहे.

काही जाती मागेही पडल्या. क्लोरिनेटेड रबर एके काळी बंदरांचा आणि कारखान्यांचा लाडका होता. त्याच्या निर्मितीत लागणारे कार्बन टेट्राक्लोराईड १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या कारणाने अडचणीत आले. कोल टार इपॉक्सी पाण्याखाली उत्तम चाले, पण डांबरातली कर्करोगकारक द्रव्ये पाहता अनेक देशांत त्याला रजा मिळाली. अलीकडची भर म्हणजे पॉलिसिलॉक्सेन, पॉलियुरिया आणि काचेच्या बारीक पापुद्र्यांनी भरलेला ग्लासफ्लेक इपॉक्सी. फोर्थ पुलाचे जुने रंग पूर्ण खरवडून त्यावर जस्त, ग्लासफ्लेक इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन अशी घडण चढवली गेली. हे काम डिसेंबर २०११ मध्ये पुरे झाले आणि निदान २५ वर्षे त्याला हात लावावा लागू नये अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे रामेश्वरचा १९१४ चा पांबन रेल्वे पूल समुद्राच्या खाऱ्या हवेने इतका झिजला की डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक थांबवावी लागली. शेजारी बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला. त्यावर पॉलिसिलॉक्सेनचा लेप आहे.

एवढ्या जातींतून निवड करायची कशी? जगाने मान्य केलेली चौकट आयएसओ १२९४४ या मानकाने दिली. ते १९९८ मध्ये प्रथम निघाले आणि २०१८ च्या सुमारास त्याची नवी आवृत्ती आली. त्यात हवेचे सी १ ते सी ५ आणि त्याहून कठोर सीएक्स असे वर्ग आहेत. सी ३ मध्ये उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षात २५ ते ५० मायक्रॉन झिजते, सी ५ मध्ये ८० ते २००, आणि सीएक्समध्ये २०० ते ७००. महाराष्ट्राला हे सगळे वर्ग एकाच राज्यात भेटतात. लातूरमधल्या गोदामाचा आतला सांगाडा, लोटे परशुराम किंवा तारापूरच्या रासायनिक वसाहतीतला पाईप रॅक, न्हावा शेवा बंदरातली क्रेन, आणि मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रातला बॉम्बे हायचा फलाट यांना एकच स्पेसिफिकेशन लावणे म्हणजे यांपैकी निदान तिघांवर अन्याय करणे. याच मानकात टिकाऊपणाच्याही पायऱ्या आहेत: सात वर्षांपर्यंत, सात ते पंधरा, पंधरा ते पंचवीस आणि त्यापुढे. ही मुदत म्हणजे हमी नाही. पहिली मोठी देखभाल कधी करावी लागेल याचा तो नियोजनासाठीचा अंदाज आहे. टेंडरांत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते आणि भांडणे कोर्टापर्यंत जातात.

हवेचा वर्ग ठरला तरी निवड अर्धीच झाली. उरलेली अर्धी लोखंडाच्या पृष्ठभागावर ठरते, आणि माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने खरखरीत कणांचा मारा, करून एसए २½ दर्जाची (जवळजवळ उजळ धातूपर्यंतची) सफाई मिळत असेल तरच झिंक सिलिकेटचा विचार करावा. त्यातल्या जस्ताचा लोखंडाशी प्रत्यक्ष संपर्क हवा, मध्ये गंज किंवा मिलस्केल (पोलाद गरम लाटताना बसलेली ऑक्साईडची साल) राहिली तर त्याग करायला जस्ताला वाटच उरत नाही. चालू कारखान्यात, शेजारी मोटारी आणि बेअरिंग असताना ब्लास्टिंग अशक्य असते. हाती उरतात ग्राइंडर आणि वायर ब्रश. अशा जागी सरफेस टॉलरंट इपॉक्सी मॅस्टिकचे दोन जाड थर कितीतरी प्रामाणिक काम करतात. कागदावर झिंक सिलिकेट लिहायचे आणि प्रत्यक्षात घासलेल्या गंजावर ते मारायचे, हा प्रकार मी निवडीच्या चुकांत सर्वांत महाग मानतो. समुद्रकाठी आणखी एक पायरी आहे, आणि ती सहसा टाळली जाते: ब्लास्टिंगच्या आधी गोड्या पाण्याने भरपूर धुणे. कोरड्या ब्लास्टिंगने गंज जातो, खड्ड्यांतले मीठ बरेचसे तिथेच राहते.

धारा, वेल्ड आणि नटबोल्ट यांचे म्हणणेही ऐकावे लागते. ओला रंग तीक्ष्ण धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ होतो. गंज पहिल्यांदा तिथेच डोके वर काढतो. म्हणून धार घासून गोल करायची आणि पूर्ण थर मारण्याआधी ब्रशने धारांवर, वेल्डवर स्ट्राइप कोट द्यायचा. या कामाला वेळ लागतो, चौरस मीटरच्या दरात तो दिसत नाही आणि म्हणून ठेकेदार तो गाळतो. दर ठरवतानाच त्याची वेगळी ओळ लिहिली तर हा तंटा मिटतो.

मग हवामान. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस वर आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, हा सर्वसाधारण नियम. कोकणात जून ते सप्टेंबर तो पाळणे उघड्यावर जवळजवळ अशक्य. ओल्या हवेत काही इपॉक्सींवर चिकट तवंग येतो आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. पॉलियुरेथेनचा हार्डनर पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साईडचे बुडबुडे सोडतो. झिंक सिलिकेटची गत नेमकी उलटी आहे. त्याला घट्ट व्हायला हवेतली ओलच लागते. विदर्भातल्या मे महिन्यात ते दिवसेंदिवस कच्चे राहू शकते, आणि वर इपॉक्सी चढवण्याची घाई केली तर सगळी घडणच सुटते. शिवाय त्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पोहोचण्याआधीच थिनर उडून जातो आणि खरखरीत भुकटी बसते. मिसळलेला रंग वापरण्याची मुदत दर १० अंशांना साधारण निम्मी होते. एकाच राज्यातल्या चंद्रपूर आणि रत्नागिरीला एकच पत्रक पुरत नाही, ते या कारणांनी.

या क्षेत्रात पंथही आहेत. एक पंथ म्हणतो, रंगाच्या भानगडीत कशाला पडता, गॅल्व्हनाइज करा किंवा जस्त-ॲल्युमिनियमचा फवारा मारा. धातूच्या फवाऱ्याची ही पद्धत स्वित्झर्लंडचे माक्स शूप यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणली. सौर पॅनेलचे सांगाडे, पारेषण मनोरे अशा सुट्या, टाकीत मावणाऱ्या भागांसाठी मला हा पंथ पटतो. आम्लाच्या वाफा असलेल्या जागी मात्र जस्त भरभर विरघळते. दुसरा पंथ धातूवर रंग अशा दुहेरी कवचाचा आहे. तिसरा वाद चाचण्यांचा. मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत किती तास टिकला हा आकडा जाहिरातींत झळकतो, पण त्या पेटीत ऊन नाही आणि सुकण्या-भिजण्याचे चक्रही नाही. म्हणून आयएसओ १२९४४ च्या नवव्या भागात समुद्रातल्या बांधकामांसाठी ऊन, मीठ आणि उणे २० अंशांची थंडी यांचे आठवड्याचे चक्र २५ वेळा, म्हणजे ४२०० तास, चालवतात. ती चाचणी बरीच सरस आहे. तरी उणे २० अंश ही आपल्या किनाऱ्याची अडचण नव्हे. आपल्याला उष्ण ओल आणि कडक ऊन यांचा कस हवा. पांबनजवळ मंडपम इथे केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेचे खुल्या हवेतले चाचणी केंद्र आहे. खरेदी करणाऱ्यांनी पेटीतल्या तासांऐवजी अशा किनाऱ्यावरचे नमुने मागावेत, असे मला आग्रहाने वाटते.

खर्चाचा हिशेबही एकदा डोळ्यांखालून घालावा. रंगात घन भाग ६० टक्के असेल आणि कोरडा थर १०० मायक्रॉन हवा असेल, तर एक लिटर हिशेबाने ६ चौरस मीटरला पुरते. वाया जाणारा भाग वेगळा. घन भाग ४० टक्के असलेला स्वस्त डबा ४ चौरस मीटरलाच पुरतो. लिटरच्या भावावर टेंडर उघडणारे खाते बहुधा थिनर विकत घेत असते. उंचावरच्या कामात तर परांची आणि ब्लास्टिंग यांपुढे डब्याची किंमत लहानच राहते, म्हणून डब्यात वाचवलेला पैसा पुढच्या परांचीत कित्येक पटींनी जातो.

आज हा विषय महत्त्वाचा का, हे सांगायला फार दूर जावे लागत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून माणसे गेली. पुलावरची गर्दी आणि गंजलेले लोखंड या दोन्हींची तेव्हा चर्चा झाली. गर्दीला आवर घालणे प्रशासनाचे काम आहे; लोखंडाची निगा अभियंता, ठेकेदार आणि रंगारी यांच्या हाती आहे. मेट्रो, उड्डाणपूल, पादचारी पूल, टाक्या असे लोखंड आपण दरवर्षी वाढवत आहोत, आणि आज रंगवलेला प्रत्येक गर्डर पुढच्या पिढीला देखभालीसाठी सोपवत आहोत.

रंगाऱ्याच्या शरीराचाही प्रश्न आहे, आणि या पुस्तकाने तो परिशिष्टात ढकललेला नाही याचा मला आनंद आहे. वाळूने ब्लास्टिंग केले की सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. ओतीव वस्तू वाळूने साफ करण्यावर ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी बंदी आणली. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. बंद टाकीत थिनरची वाफ माणसाला बेशुद्ध पाडते आणि एका ठिणगीने पेट घेते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली, पण तो नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. त्यामुळे इथे निवड करणाऱ्यावरची जबाबदारी कायद्याहून मोठी आहे. ज्या रंगासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो मास्क देता येत नसेल तर तो रंग त्या कामासाठी नाही.

मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), नागपूरचे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान विद्यापीठ, जळगावच्या विद्यापीठातला विभाग अशा ठिकाणी रंगतंत्र शिकवले जाते. ते शिक्षण इंग्रजीत आहे, रंगाची पत्रकेही इंग्रजीत येतात. स्प्रे गन धरणारा, थराची जाडी मोजणारा सुपरवायझर आणि ठेका घेणारा माणूस मात्र मराठीत विचार करतो. ही दरी भरण्याचा प्रयत्न म्हणजे हे पुस्तक. लेखकांनी मांडणी रंगाच्या जातींप्रमाणे न करता जागांप्रमाणे केली आहे: किनारा, रासायनिक वसाहत, साखर कारखाना, तापलेली चिमणी, पाण्याची टाकी, पूल. ब्रँडची नावे कुठेही नाहीत. शब्द कामावरचेच ठेवले आहेत. प्रायमरला प्रायमर आणि ब्लास्टिंगला ब्लास्टिंगच म्हटले आहे. जमिनीखालच्या पाइपलाइनी आणि जहाजांचे तळ यांना त्यांनी ओझरता स्पर्श केला आहे, ते विषय स्वतंत्र पुस्तकांचे आहेत. गॅल्व्हनाइझिंगला आणखी जागा मिळायला हवी होती असे मला वाटते, आणि पुढच्या आवृत्तीत ती मिळावी.

वाचकाला एकच विनंती. पुढचे काम हाती घ्याल तेव्हा एक वही करा: तारीख, हवेचे आणि लोखंडाचे तापमान, आर्द्रता, सफाईचा दर्जा, रंगाची जात आणि बॅच नंबर, प्रत्येक थराची मोजलेली जाडी. ती वही त्या पुलाच्या किंवा टाकीच्या कागदपत्रांतच ठेवा, ठेकेदाराबरोबर जाऊ देऊ नका. दहा वर्षांनी तिथे परांची बांधणाऱ्या माणसाला कोणता रंग निवडावा हे ठरवताना सर्वांत आधी तीच लागेल.